तीन उन्हाळे, तीनदा गॅस: गाडीच्या ए.सी.चा पावणेचार वर्षांचा अनुभव

गाडी घेतली २०२१ च्या दसऱ्याला. पेट्रोल हॅचबॅक, रस्त्यावर येईपर्यंत साडेआठ लाख. आज मीटरवर ५४ हजार किलोमीटर आहेत. इंजिन, क्लच, सस्पेन्शन, कशाचीच तक्रार नाही. महामार्गावर १९-२० चं मायलेज देते आणि तेवढ्यावर मी खूश आहे. लिहायला बसलो ते ए.सी.साठी. कंपनीचं आणि शोरूमचं नाव घेत नाही, कारण हा प्रकार एकाच गाडीपुरता नाही.

आम्ही मूर्तिजापूरचे. आईचं डायलिसिस अकोल्याला, मंगळवार आणि शुक्रवार, अकरा ते तीनच्या पाळीत. म्हणजे जातानाही ऊन आणि येताना तर डोक्यावर आग. चौपदरीकरणानंतर रस्ता सुरेख झाला, पण कडेची सावली गेली. त्यात डायलिसिसच्या पेशंटला तहान लागली म्हणून पाणी पिता येत नाही. आईला दिवसाचं पाणी मोजून दिलेलं आहे. सकाळी एक लिटरची बाटली भरायची, चहा-वरण धरून दिवसभर तेवढंच. घाम जितका जास्त, तहान तितकी जास्त, आणि बाटली तर संध्याकाळपर्यंत पुरवायची. त्यामुळे ‘ए.सी. काय, काचा उघडा’ हा सल्ला मला देऊ नका.

पहिला त्रास १९ एप्रिल २०२३ ला. सकाळी जाताना गारवा ठीक होता. परत येताना गाडी पळत असली की थोडं थंड, बोरगाव मंजूला ट्रकमागे थांबलो की नुसती हवा. आई मागून म्हणाली, "काऊन रे बाबू, गरम हवा येऊन रायली." तसाच गाडी वळवून सर्व्हिस सेंटरला गेलो. तासाभरात सांगितलं, गॅस कमी झालाय, भरून देतो. १,९०० रुपये. मी म्हटलं, गाडी वॉरंटीत आहे. उत्तर मिळालं, "सर, गॅस कन्झ्युमेबलमध्ये, म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तूंत येतो, वॉरंटीत धरत नाहीत." पटलं. पैसे दिले.

इथेच चुकलं, आणि वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचं इथेच चुकत असणार, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ए.सी.चा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, ऑइलसारखा खराब होऊन बदलावा लागत नाही. कॉम्प्रेसर, पुढचा कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल असं ते बंद वर्तुळ आहे. तोच गॅस त्यातून फिरत राहतो. नळ्यांच्या जोडांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, ते वेगळं. दीड वर्षाच्या गाडीत थंडी जाण्याइतका गॅस कमी झाला, तर तो कुठून तरी बाहेर गेलेला आहे. ‘गॅस संपला’ हा बिघाडच नव्हे, ती बिघाडाची खूण आहे. वरून गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणं.

बरोबर ३८ दिवसांनी, २७ मे ला, पुन्हा तेच. या वेळी मी मशीनजवळ उभा राहिलो. गॅस काढून-भरून देणारं मशीन असतं, ते आधी गाडीतला उरलेला गॅस ओढून घेतं आणि किती ग्रॅम निघाला ते स्क्रीनवर दाखवतं. बॉनेटच्या आत स्टिकरवर क्षमता लिहिलेली: ४२० ग्रॅम, आर-१३४ए (हे गॅसचं नाव). स्क्रीनवर आकडा आला १९०. म्हणजे ३८ दिवसांत २३० ग्रॅम गॅस गेला होता. मी फोटो काढून ठेवला. मेकॅनिकने बॉनेटमधल्या नळ्यांच्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं, फुगे आले नाहीत, म्हणून ‘नो लीकेज’. कंडेन्सर धुतला, गॅस भरला, २,३५० रुपये. पुढे कळलं की कूलिंग कॉइल बॉनेटमध्ये नसतेच. ती डॅशबोर्डच्या आत असते, तिथे साबणाचं पाणी पोचणार कसं?

पावसाळ्यात ए.सी. फारसा लागला नाही. पुढची काच धुरकट व्हायची आणि ए.सी. लावूनही लवकर निवळायची नाही, फडक्याने पुसायचो. तेव्हा लक्षात आलं नाही, पण तीही गॅस गेल्याचीच खूण होती. कॉइल गारच होत नसेल तर हवेतली वाफ धरणार कोण? तुमच्या गाडीत पावसाळ्यात असं होत असेल तर मार्चची वाट पाहू नका.

ऑक्टोबर २०२३ मध्ये कंपनीची दोन वर्षांची वॉरंटी संपली. गाडी घेतानाच पुढच्या दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली होती, साडेआठ हजारांना. नशीब.

मार्च २०२४ ला तिसऱ्यांदा. सर्व्हिस ॲडव्हायझर नवीन होते. मीटर लावून म्हणाले, कॉम्प्रेसर कमजोर झालाय. एस्टिमेट २८ हजारांच्या वर. एक्स्टेंडेड वॉरंटीत बसेल ना, विचारलं तर ‘अप्रूव्हल टाकतो’. चार दिवसांनी नकार आला. कारण काय, तर गाडीत बाहेरून गॅस भरलेला दिसतो. माझ्याकडे दोन्ही वेळची बिलं होती आणि दोन्ही त्यांचीच होती. ती दाखवली तर म्हणाले, बिलात फक्त ‘गॅस रिफिल’ आहे सर, लीकेजची तक्रार तुम्ही कधी नोंदवलेलीच नाही. मी जुनी जॉबकार्डं काढली, म्हणजे गाडी देताना तक्रार लिहून आपली सही घेतात ते कागद. पहिल्यावर लिहिलेलं ‘ए.सी. चेकअप’, दुसऱ्यावर ‘ए.सी. सर्व्हिस’. खाली माझी सही.

माझं कृषी केंद्र आहे. बियाणं देताना प्रत्येक शेतकऱ्याला सांगतो, पिशवी, टॅग आणि पावती जपून ठेवा. उगवलं नाही तर तक्रार त्याच्याच आधारावर होते. आणि इथे दोनदा मी ‘चेकअप’वर सही करून आलो होतो. त्या दिवशी ते फार लागलं.

अकोल्यात गाड्यांच्या ए.सी.चंच काम करणारे एक चाचा आहेत, तीस वर्षं तेच काम. त्यांच्याकडे गाडी नेली. चाचांनी डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत लांब दांडीचं थर्मामीटर खोचलं: १९ अंश. बाहेर ४१. ठीक असलेल्या गाडीत तिथे ७-८ यायला हवेत. मग ब्लोअर बंद करून दहा मिनिटं गाडी तशीच ठेवली, गॅस हुंगणारं छोटं यंत्र जाळीपाशी धरलं आणि ब्लोअर एक नंबरवर टाकला. यंत्र टिकटिक करत होतं ते एकदम किंचाळायला लागलं. "कॉइल गळतेय," चाचा म्हणाले. "कॉम्प्रेसरला काही नाही झालं. पण असाच रिकामा पळवला तर तोही जाईल. तेल गॅसबरोबरच फिरतं त्यात." मी म्हटलं, चाचा, तुम्हीच बदलून टाका. ते नाही म्हणाले. "मी नळी लावली की तुमची वॉरंटी मेली. त्यांच्याकडेच जा, आणि डाय टाकायला लावा, गळती दाखवणारा रंग." पैसे विचारले तर चहा पाजा म्हणाले. गिऱ्हाईक समोर चालून आलेलं असताना त्याला परत पाठवणारा माणूस मी फार वेळा पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गेलो आणि जॉबकार्डवर तक्रार माझ्या शब्दांत लिहायला लावली: ‘कूलिंग नाही. १९ एप्रिल २०२३ पासून तिसऱ्यांदा. ३८ दिवसांत २३० ग्रॅम गॅस कमी. डॅशबोर्डमधील कूलिंग कॉइलच्या गळतीची यूव्ही डायने तपासणी करावी.’ ॲडव्हायझर म्हणाले, सिस्टीममध्ये इतकं बसत नाही. मी म्हटलं, पेनाने लिहा आणि शिक्का मारा. अर्धा तास गेला, पण लिहिलं. गॅस आणि डायचे २,१०० भरले. दहा दिवस गाडी वापरून परत गेलो. गाडी वर उचलून ए.सी.चं पाणी पडणाऱ्या नळीच्या तोंडावर निळा टॉर्च मारला, तर पोपटी रंगाचा थेंब चमकत होता. मेकॅनिक पोरगा स्वतःच बोलून गेला, "सर, कॉइलच आहे."

एवढं होऊनही अप्रूव्हल यायला महिना गेला. त्या महिन्यात आईला ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन, मागच्या काचांना चादर लावून न्यायचो. एका शुक्रवारी परत येताना काटेपूर्णाच्या पुलापाशी तिने बाटली हातात घेतली, किती उरलंय ते पाहिलं आणि न पिता खाली ठेवली. घरी आल्यावर मी रात्री बसून वॉरंटीची पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. माझ्या पुस्तिकेत कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल या तिन्ही गोष्टी ‘कव्हर्ड’मध्ये आहेत. गॅस, ऑइल, बेल्ट, फिल्टर, रबरी नळ्या नाहीत. दगड लागून कंडेन्सर फुटला किंवा उंदराने वायर कुरतडली तर तेही नाही. म्हणजे काउंटरवर जे ‘ए.सी. वॉरंटीत येत नाही’ असं सरसकट सांगतात, ते पुस्तिकेत कुठेच नव्हतं.

कंपनीच्या कस्टमर केअरला ई-मेल केला. तीन जॉबकार्डं, तीन बिलं, १९० ग्रॅमचा फोटो, पोपटी थेंबाचा फोटो, पुस्तिकेच्या त्या पानाचा फोटो, आणि तारखांसह एका पानाचा मजकूर. राग सगळा काढून टाकला, फक्त तारखा ठेवल्या. मुद्दा एकच: पहिली तक्रार मूळ वॉरंटीत आली होती, दुरुस्ती तेव्हाच व्हायला हवी होती. आठ दिवस उत्तर नाही म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. ती फुकट आहे, आणि तिथून तक्रार कंपनीकडे जाते. ग्राहक आयोगात जायची तयारीही ठेवली होती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही, पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. आयोगापर्यंत जायची वेळ आली नाही. चार दिवसांत एरिया मॅनेजरांचा फोन आला. कॉइल वॉरंटीत, मजुरी वॉरंटीत, पण गॅसचे पैसे तुमचे, म्हणाले. मी विचारलं, कॉइल बदलायला तुम्हीच वर्तुळ उघडणार, मग त्यातून गेलेला गॅस माझा कसा? त्यावरही थोडं थांबून हो म्हणाले, आणि डायच्या वेळचे २,१०० परत दिले. आधीच्या दोन वेळचे ४,२५० मिळाले नाहीत.

२९ मे २०२४ ला काम झालं. त्याच आठवड्यात अकोल्यात पारा ४५ च्या वर होता आणि उन्हामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी १४४ कलम लावलं होतं. मी सकाळी नऊपासून तिथे होतो. स्टिअरिंग उतरवलं, अख्खा डॅशबोर्ड काढून मागच्या सीटवर आडवा ठेवला, आणि पुढे नुसते वायरींचे झुबके आणि एक काळा खोका उरला. त्या खोक्यातून कॉइल निघाली, शाळेतल्या पाटीएवढी. पत्र्यांमध्ये ओल्या धुळीचा जाड थर होता, नमद्यासारखा, आणि खालच्या कोपऱ्यात ॲल्युमिनियम पांढरं पडून खाल्लेलं. टॉर्च मारला तर तो सगळा कोपरा पोपटी. वर्षभर जे ‘दिसत नाही’ म्हणत होते ते हातभर अंतरावर होतं. मेकॅनिकने चांगलं काम केलं, हेही सांगतो: रिसीव्हर ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा भाग) नवा टाकला, नायट्रोजन भरून दीड तास प्रेशर पाहिलं, पाऊण तास व्हॅक्युम ठेवलं, मग ४२० ग्रॅम मोजून भरले. ही चारही कामं झाली का, ते विचारून घ्या. व्हॅक्युम घाईत उरकलं तर आत ओल राहते आणि पुढे तीच नडते. कॅबिन फिल्टरही मी आता दर पाच हजार किलोमीटरला काढून झटकतो आणि दहा हजार किलोमीटरला बदलतो. धूळ तिथून आत गेली नाही तर कॉइलवर बसणार नाही.

निघताना मधल्या जाळीत थर्मामीटर धरलं. ७ अंश. शुक्रवारी आई परतीच्या वाटेवर झोपली, घर आल्यावर उठवावं लागलं.

त्याला आता वर्ष झालं. फेब्रुवारीच्या सर्व्हिसिंगला मी मुद्दाम गॅस काढून मोजायला लावला: ४०५ ग्रॅम निघाला. या जूनमध्येही जाळीत ८ अंश आहेत. थंडाव्याला पूर्ण गुण. गाडी पुन्हा घ्याल का, असं विचाराल तर घेईन, पण एक्स्टेंडेड वॉरंटीशिवाय नाही. सर्व्हिस सेंटरबद्दल मात्र माझं मत कडू आहे. तीनदा गॅस विकला, दोनदा तो हवेत गेला. आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याची आणखी भर कशाला?

एक गोष्ट अजून राहिली आहे. डॅशबोर्ड बसवल्यापासून डाव्या बाजूने, ग्लोव्ह बॉक्सच्या वर, खराब रस्त्यावर खडखड येते. दोनदा फेल्ट लावून दिलं, महिनाभर गप्प बसतं, पुन्हा सुरू होतं. ऑक्टोबरला वॉरंटी संपते. सोमवारची अपॉइंटमेंट घेतली आहे, आणि जॉबकार्डवर काय लिहायचं ते आधीच कागदावर लिहून ठेवलं आहे: ‘२९ मे २०२४ रोजी कूलिंग कॉइल बदलताना डॅशबोर्ड उतरवला, तेव्हापासून आवाज. तिसऱ्यांदा.’