पस्तीस इंची टायर, ४.८८चे गिअर आणि तेलाचे ८४ डॉलर: रँग्लरचे चौदा महिने

सुरुवात तेलापासूनच करतो. गेल्या आठवड्यात गिअरवाल्या दुकानाने माझ्या गाडीचा मागचा ॲक्सल दुसऱ्यांदा उघडला, स्वतःचीच चूक निस्तरली, मजुरी घेतली नाही, आणि वर तेलाच्या तीन बाटल्यांचं ८४ डॉलरचं बिल हातात ठेवलं. म्हणे वॉरंटी कामावर आहे, तेलावर नाही. सप्टेंबरात दोन्ही ॲक्सलचे गिअर बदलायचे अडीच हजार डॉलर मी निमूट मोजले होते. हे ८४ मात्र अजून घशाखाली उतरत नाहीत. तेव्हा पुढे कुठे तिखट लागलं तर ते त्या तेलाचं समजा.

गाडी २०१४ची चार दारी जीप रँग्लर स्पोर्ट, ३.६ लिटर, पाच गिअरची ऑटोमॅटिक, ॲक्सल ३.२१चा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणारा दांडा ३.२१ वेळा फिरतो; आकडा लहान तेवढा चढावर जोर कमी. शेवटचा आकडा वाचून जाणकारांनी कपाळावर हात मारला असेल. जुनी गाडी घेताना मी रंग पाहिला, गंज पाहिला, किलोमीटर म्हणजे मैल पाहिले. ॲक्सलचा आकडा पाहायचा असतो हे कुणी सांगितलंच नाही. मग अडीच इंची लिफ्ट (गाडी उंच करणारा संच) आणि ३५ इंची टायर चढवले. मूळचे टायर २२५/७५ आर १६, म्हणजे उंचीला २९.३ इंच. पार्किंगमध्ये गाडी वाघासारखी दिसायची. चढावर शेळी.

आम्ही डेन्व्हरला राहतो. कळसूबाईचा माथा ५,४०० फूट आणि आमचं गावच ५,२८० फुटांवर, यावरून हवेचा अंदाज करा. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद सोडतं. आय-७० हायवेने पश्चिमेला निघून आयझेनहॉवर बोगद्याशी, ११ हजार फुटांवर पोचेपर्यंत कागदावरच्या २८५ घोड्यांपैकी शंभराच्या आसपास घोडे वाटेतच उतरलेले असतात. अशा ठिकाणी टायर २९.३चा ३५ केला की ३.२१चा ॲक्सल चाकाशी २.६९सारखा वागतो. जॉर्जटाऊनच्या पुढे ताशी ५५ मैलांच्या वेगाला गिअरबॉक्स तिसऱ्यात २,४०० आरपीएमवर धापा टाकायचा, मग दुसऱ्यात ३,७०० वर किंचाळायचा, दम आला की परत तिसरा. हे बोगद्यापर्यंत. बायको म्हणाली, "याला एकदा काय ते ठरवू दे ना!"

बाबांची कराडजवळ पिठाची गिरणी होती. व्हिडिओ कॉलवर ऐकून त्यांनी एका वाक्यात निकाल लावला, "अरे, जातं मोठं बसवलंस आणि मोटरची पुली तीच ठेवलीस?" मी तोवर तीन महिने तक्ते वाचत होतो.

पुलीचा हिशेब सोपा आहे. ३.२१ला ३५ने गुणा, २९.३ने भागा. उत्तर ३.८३. म्हणजे कंपनीतून आली तशी चाल परत मिळवायला एवढं पुरेल. पण मूळची चालही या उंचीवर काही कौतुकाची नव्हती. त्यात आता एकेक टायर सत्तर पौंडांच्या आसपास, आणि लिफ्टमुळे गाडी वाऱ्याला जास्त अंग देते. म्हणून हिशेबाच्या पुढे जावं लागतं. दुकानदार ४.५६वर अडून बसला होता. मीही आधी त्याच्याच बाजूचा, कारण आरपीएम कमी म्हणजे पेट्रोल कमी, हे आपल्या डोक्यात लहानपणापासून भरलेलं असतं. मग ताशी ६५ मैलांना टॉप गिअरमध्ये काय होईल ते मांडलं. ३.२१वर १,६६०, ४.५६वर २,३६०, ४.८८वर २,५३०. फरक १७० आरपीएमचा, मजुरी दोन्हींची सारखीच. त्याच पैशात जास्त दम मिळत असेल तर कमी का घ्या? ४.८८ घेतले. ५.१३चाही मोह झाला होता, पण या पिढीच्या स्पोर्टचा पुढचा ॲक्सल डाना ३०, म्हणजे आधीच नाजूक. त्यात आकडा वाढला की पिनियन (क्राऊन या मोठ्या दातेरी चाकाला फिरवणारं छोटं चाक) बारीक होतो, आणि तो जितका बारीक तितका मी धास्तावणार.

एक गोष्ट मला उशिरा कळली: दोन्ही ॲक्सल एकदमच करावे लागतात. "मागचा आता करा, पुढचा दिवाळीनंतर" चालत नाही. पुढेमागे आकडे वेगळे ठेवून फोर-व्हील टाकलं तर ट्रान्सफर केसचा, म्हणजे दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीचा, जीव जातो. शिवाय ३.२१च्या गाडीत क्राऊन-पिनियनबरोबर कॅरिअरही (क्राऊन ज्यावर बसतो ते भाग) बदलावे लागतात. बिल फुगतं ते तिथे.

ॲव्हरेजचं सांगतो, कारण त्यावर मी चार महिने फुकट रडलो. पस्तीस चढवल्यावर ॲव्हरेज गॅलनला १८ मैलांचं १३ झालं. घरात मी हळूहळू वाक्यं रचायला लागलो होतो की टायर विकून टाकावेत. मग लक्षात आलं, टायर मोठा म्हणजे मीटर कमी मोजतो, तब्बल साडेएकोणीस टक्के. तेराचे खरे साडेपंधरा होते. (काटा ६५ दाखवत असताना मी खरा ७७ने जात होतो हेही तेव्हाच कळलं. पोलिसांना कळलं नाही, देवाची कृपा.) गिअर बसवले की गाडीच्या कॉम्प्युटरला टायरचं माप आणि ॲक्सलचा आकडा दोन्ही नव्याने सांगावे लागतात. आता खरा आकडा १६ पडतो. वर्षाला दहा हजार मैल आणि गॅलन सव्वातीन डॉलर धरला तर वीस गॅलन वाचतात. अडीच हजार डॉलर फिटायला अडतीस वर्षं. ॲव्हरेजसाठी हे काम करू नका.

करायचं ते चढासाठी. पहिल्यांदा बोगद्याकडे निघालो तेव्हा ५५ला गाडीने तिसरा धरला, ३,६०० वर, आणि सोडलाच नाही. ओव्हरटेकला दुसरा शिल्लक. सपाटीवर पाचवा गिअर चक्क टिकतो. आधी जरा समोरून वारा आला की तो पळून जायचा. जुलैत मॉस्किटो पासला ३.२१वर गेलो होतो, १३,१८५ फूट. फोर-लोमध्ये (फोर-व्हीलचा सगळ्यात सावकाश, जोरकस टप्पा) पहिल्या गिअरला एकूण गुणोत्तर ३१च, इंजिन गाडीला पुरेसं धरून ठेवत नव्हतं, त्यामुळे उतारावर ब्रेक तापून वास यायला लागला होता. आता तेच ४७.६ आहे. रुबिकॉनवाल्यांना (रँग्लरचंच, पण खडकांवर चढायचं मॉडेल) हसू येईल, पण मला पुरतं.

आता आवाज.

गिअर बसवून आणले त्या दिवसापासून ताशी ५२ मैलांच्या वेगाला मागून घूंऽऽ असा सूर यायचा. ५७ला बंद. दुकानदार म्हणाला, ५०० मैल जाऊ देत, दात बसतील. मी आज्ञाधारक. वीस मिनिटं चालव, अर्धा तास थंड होऊ दे, असं शाळकरी पोरासारखं सगळं पाळलं. ५०० मैलांवर तेल बदललं. आवाज तसाच. बाबांना रेकॉर्डिंग पाठवलं तर म्हणाले, "बेअरिंग गेलंय." पण ॲक्सिलरेटर सोडला की सूर बदलत होता, आणि बेअरिंगला तुमच्या पायाशी देणंघेणं नसतं, ते वेगावर ओरडतं. म्हणजे क्राऊन-पिनियनच. दुकानदाराने मात्र नवं काढलं, "मोठ्या टायरचा घोंगाट आहे."

इथे माझी सटकली. मंडळातल्या एका मित्राकडे रँग्लरचंच सहारा मॉडेल आहे, त्याची चाकं ३२.१ इंची आणि बोल्ट तेच. मिसळीच्या बोलीवर एका रविवारी ती चारही मागून घेतली, ड्राइव्हवेत बदलली आणि हायवेवर गेलो. टायरचा घोंगाट असता तर टायरबरोबर गेला असता. सूर आला, काट्यावर बरोबर ५२लाच! फोनचा जीपीएस तेव्हा ४८ सांगत होता. काटा चाकाचे फेरे मोजतो, टायर लहान असला तरी ५२च्या काट्याला फेरे तितकेच आणि गिअरही तितकाच फिरतो. व्हिडिओ दुकानदारासमोर धरला. दोन मिनिटं तो नुसताच पाहत राहिला. मग म्हणाला, मंगळवारी आण.

उघडलं तेव्हा मी तिथेच उभा होतो. दातांना पिवळा रंग लावून फिरवलं तर ठसा दाताच्या बुडाशी, म्हणजे पिनियन जास्त आत गेलेला. क्राऊनचा प्ले (दातांमधली मोकळीक) इंचाच्या १४ हजारांश निघाला, हवा ६ ते १०च्या दरम्यान. शिम (पातळ चकत्या) बदलून पिनियन मागे घेतला, प्ले ८वर आणला, ठसा मधोमध आला. माणूस कामाचा आहे हो, तेव्हा मन लावून केलं. पहिल्यांदाच असं केलं असतं तर ही सगळी वरात निघाली नसती, आणि ८४ डॉलरही वाचले असते.

कुणी विचारलं तर मी सांगेन की ३.२१ची गाडी असेल तर पस्तीसच्या नादी लागू नका. ३.७३ची गाडी शोधा आणि २८५/७० आर १७चे टायर घाला. चित्ता नाही दिसणार, पण खिसा शाबूत राहील. हे मी जूनमध्ये लिहिलं असतं तर इथेच थांबलो असतो. मॉस्किटो पास बघितल्यावर तेवढ्या ठामपणे म्हणवत नाही. २०१८पासूनच्या आठ गिअरच्या गाड्यांना मात्र माझे आकडे लावू नका. त्यांचा पहिला गिअरच ४.७१चा आहे, आमचा ३.५९चा.

आवाज आता ५४च्या आसपास अगदी बारीक येतो. चुकीच्या ठशावर हजारभर मैल घासलेले दात पूर्ण गप्प होत नाहीत, असं दुकानदार म्हणाला आणि ते मला पटलं. रेडिओ लावला तर ऐकूही येत नाही. बायको रेडिओ लावते. मी ५४ आले की बंद करतो.