फराळ, दिवाळी अंक, औषधं आणि मुखत्यारपत्र: जर्मनीशी देवाणघेवाण कशाने करावी?

गणपती उठले की जर्मनीतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच प्रश्न फिरायला लागतो: "पुण्याहून पार्सल कोणाकडून मागवता? किलोला काय पडतं?" भाव विचारणं साहजिक आहे, पण तो सगळ्यात शेवटी विचारावा असं माझं मत आहे. खोक्यात काय भरणार आणि ते कस्टम्समध्ये अडकलं तर सोडवायला कोण जाणार, हे आधी ठरवावं. या दोन गोष्टी पक्क्या झाल्या की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

पर्याय तसे तीन. भारतीय टपाल खात्याचं आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट. डीएचएल एक्स्प्रेस किंवा फेडेक्ससारखं एक्स्प्रेस कुरिअर. आणि दिवाळीच्या तोंडावर "फराळ परदेशी पाठवा" असा फलक लावणारा आपल्या गल्लीतला एजंट, जो बऱ्याच जणांची खोकी एकत्र करून पुढे धाडतो. चौथा पर्याय म्हणजे "कोणी येतंय का?" त्याच्याकडे नंतर येऊ.

दारात येणारी गाडी एकच, कंपन्या दोन

नव्याने आलेल्यांचा हमखास गोंधळ होतो तो इथे. स्पीड पोस्टने निघालेलं खोकं जर्मनीत उतरलं की जर्मन टपालाच्या, म्हणजे डीएचएलच्याच पार्सल जाळ्यात जातं आणि पिवळी गाडीच ते दारी आणते. डीएचएल एक्स्प्रेस ही त्याच समूहातली, पण तिचा कारभार वेगळा आणि कस्टम्स सांभाळणारी माणसंही वेगळी. एकीच्या पार्सलची चौकशी दुसरीच्या हेल्पलाइनवर करून हाती काही लागत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. 'ई'ने सुरू होऊन 'आयएन'ने संपणारा १३ अक्षरांचा क्रमांक असेल तर ते पोस्ट. नुसता १० आकडी असेल तर एक्स्प्रेस. पोस्टाचा क्रमांक जर्मन डीएचएलच्या संकेतस्थळावरही चालतो, आणि खोकं इकडे उतरल्यावर तिथली माहिती भारतीय साइटपेक्षा ताजी असते.

अडकलं तर काय होतं

खरा फरक इथे आहे. पोस्टाच्या पार्सलबद्दल कस्टम्सला शंका आली की ते तुमच्या भागातल्या कस्टम्स कार्यालयात, म्हणजे त्सोलआम्टमध्ये जाऊन बसतं आणि तुम्हाला पत्र येतं. ते पत्र, ओळखपत्र आणि किमतीचा काही पुरावा घेऊन जायचं. बाकड्यावर खोकं ठेवतात, कटर बहुधा तुमच्याच हातात देतात, आणि अधिकाऱ्यासमोर तुम्ही एकेक पिशवी बाहेर काढता. चकली ओळखता येत नाही म्हणून तो ती उजेडाकडे धरून बघतो; चिवड्यातल्या शेंगदाण्यांवर त्याचा विश्वास लगेच बसतो. वेळ जातो, पण समोर माणूस असतो आणि त्याला समजावून सांगता येतं.

एक्स्प्रेस कुरिअरमध्ये कंपनी तुमच्या वतीने कस्टम्सचे कागद भरते, लागला तर कर आधी स्वतः भरते आणि मग तो कर अधिक तिचं शुल्क तुमच्याकडून घेते. कुठे जावं लागत नाही. मात्र एखादी वस्तू नियमात बसत नाही असं ठरलं की ती परत जाते किंवा नष्ट होते आणि आपल्याला ईमेल येतो. म्हणजे आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी सुट्टी काढून जाता येत असेल तर पोस्ट परवडतं. येत नसेल तर एक्स्प्रेसचे जादा पैसे त्या सुट्टीसाठीच मोजताय असं समजा.

अडकण्याचं कारण बहुतेकदा भारतातल्या काउंटरवरच तयार होतं. खोक्यात काय आहे ते कस्टम्सला सांगणाऱ्या सीएन २३ या फॉर्मवर "फूड आयटम्स" एवढंच लिहिलं की शंका आलीच. प्रत्येक पदार्थ इंग्रजीत, वजन आणि खरी किंमत टाकून वेगवेगळा लिहायचा. आई-बाबांना ही यादी आधीच टाइप करून पाठवा. काउंटरवर मागे रांग असताना त्यांनी "शंकरपाळी"ला इंग्रजी शब्द शोधत बसावं, ही अपेक्षा चुकीची आहे.

४५ युरोंची रेघ

खाजगी व्यक्तीने खाजगी व्यक्तीला पैसे न घेता पाठवलेली भेट ४५ युरोंपर्यंत करमुक्त आहे. दुकानातल्या खरेदीला असलेली २२ युरोंची सवलत १ जुलै २०२१ पासून संपली. त्यामुळे मिठाईवाल्याच्या साइटवर पैसे भरून त्याच्याकडूनच थेट जर्मनीला माल मागवला तर ती भेट ठरत नाही, मग डब्यावर कितीही प्रेमाने "हॅपी दिवाळी" लिहिलेलं असो. तोच माल बाबांनी स्वतःच्या पैशांनी घेऊन त्यांच्या नावाने पाठवला तर भेट.

एजंटकडे जाणार असाल तर हाच मुद्दा त्याला विचारा: कागदावर पाठवणारा म्हणून कोणाचं नाव जाणार? एका एजंटने आमच्या भल्यामोठ्या खोक्यावर स्वतःच्या मनाने अगदी किरकोळ किंमत टाकली होती आणि कस्टम्सने नेमकं त्यावरच बोट ठेवलं. जर्मनीत शेवटच्या टप्प्यात माल कोण पोचवणार हेही विचारून ठेवा, कारण मधल्या मुक्कामी क्रमांक बदलतो आणि मग खोकं कुठे आहे ते एजंटलाही धड सांगता येत नाही. तरीही दहा किलोंच्या आसपास भार असेल आणि घाई नसेल तर एजंटचा भाव खरोखर चांगला असतो. शिवाय तो घरी येऊन माल नेतो आणि पॅकिंगही करतो, जे सत्तरीच्या आई-बाबांसाठी मोठं काम आहे. पोस्टात आधी विचारावं लागतं, कारण प्रत्येक छोट्या कार्यालयात परदेशी बुकिंग होतंच असं नाही. मोठ्या कार्यालयात जाणं बरं.

चिवडा पोस्टाने, लाडू कशानेही

कुरिअरवाले वजनाबरोबर आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची, ५,००० ने भागायचं, आणि काट्यावरचं वजन व हा आकडा यांत जो मोठा त्याचे पैसे. ४० बाय ३० बाय ३० चं खोकं म्हणजे ७.२ किलो, मग आत चार किलोच चिवडा-चकली का असेना. पोस्टात काट्यावरचं वजन धरतात. त्यामुळे हलका, फुगीर फराळ पोस्टाने आणि लाडू, चटण्या, मेतकूट असा ठोस माल कुरिअरनेही, असं गणित बसतं.

दिवाळी अंकांसाठी तर पोस्टच. छापील मजकुराला वेगळा, स्वस्त दर आहे. अंक डिसेंबरात पोचले तरी कोणाचं काही बिघडत नाही.

जे कशानेच जात नाही

पेढे, बर्फी, खवा, तूप. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ खाजगी पार्सलमध्ये चालत नाहीत, पोस्ट असो की कुरिअर. बेसनाचे लाडू मिठाईत धरायचे की तुपात, हे समोरच्या अधिकाऱ्यावर असतं; मी जोखीम घेते, पण अख्खं खोकं लाडवांनी भरत नाही. ताजा कढीपत्ता आणि विड्याची पानं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बंद. नारळ मात्र या अटीतून सुटला आहे. आणि कोकणातल्यांसाठी सुखद बातमी अशी की स्वतःच्या वापरासाठी मासळी २० किलोंपर्यंत चालते. सुके बोंबील कायद्याने पाठवता येतात, फक्त खोक्यातल्या बाकीच्या फराळाचा विचार करा.

औषधांच्या बाबतीत जर्मनी कडक आहे. संघाबाहेरून खाजगी माणसाला टपालाने औषधं मागवता येत नाहीत, आणि "आयुर्वेदिकच तर आहे" हा युक्तिवाद तिथे टिकत नाही. इथे "कोणी येतंय का?" कामाला येतं असं वाटेल, पण प्रवाशाला सामानातून आणता येतात ती त्याच्या स्वतःच्या गरजेपुरती औषधं. आई तिच्या गोळ्या आणू शकते, तुमच्या नाही. दुधाचा नियमही सामानाला तसाच लागू आहे.

पत्ता

जर्मन पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन घंटीवरचं आडनाव वाचतो. बायकोच्या माहेरच्या नावाने पार्सल आलं आणि घंटीवर फक्त नवऱ्याचं आडनाव असेल तर खोकं परतीच्या वाटेला लागतं. दोन्ही नावं चिकटवून टाका. पोस्टाचं पार्सल हरवलं तर चौकशीचा अर्ज पाठवणाऱ्याला भारतात करावा लागतो, म्हणून पावतीचा फोटो त्याच दिवशी मागून घ्या.

बहीण अमेरिकेत असेल तर यातलं फारसं तिला लावू नका. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून तिथे बंद झाली, त्याच सुमारास भारतीय टपालाने बुकिंग थांबवलं आणि १५ ऑक्टोबरला कर आगाऊ घेण्याच्या पद्धतीने पुन्हा सुरू केलं. त्या दिवशीचा नियम काउंटरवर विचारणं हाच उपाय. एक गोष्ट मात्र तिच्या फायद्याची आहे: घरी स्वतः केलेला फराळ भेट म्हणून पाठवला तर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला पूर्वसूचना द्यावी लागत नाही, विकतच्याला लागते.

उलट्या दिशेने

भारतात भेटवस्तू पाठवण्याचा मोह आवरा. ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटींची जुनी सवलत डिसेंबर २०१९ मध्ये गेली, राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. भाच्याला खेळणं द्यायचं असेल तर भारतातल्याच ऑनलाइन दुकानातून त्याच्या पत्त्यावर टाका.

कागदपत्रांना मात्र एक्स्प्रेसच, तिथे काटकसर नको. विशेषतः फ्लॅट विकायला भावाच्या नावे केलेलं मुखत्यारपत्र. म्युनिक किंवा फ्रँकफर्टच्या वकिलातीत साक्षांकित केलेला हा दस्त भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, म्हणजे तो कधी पोचला याला पुरावा हवा. एक्स्प्रेसच्या पोचपावतीवर तारीख स्वच्छ छापलेली असते. तिची प्रत काढून ठेवा आणि भावाला सांगा, पाकीटही दस्ताबरोबरच जपून ठेव.