टोर्नेडो पाहायला जायचं, तर मेअखेर की जून?

अमेरिकेतली स्टॉर्म चेसिंग टूर, म्हणजे व्हॅनने वादळांचा पाठलाग करणारी सहल, ओक्लाहोमा सिटीहून घ्यायची की डेन्व्हरहून, हा प्रश्न नंतरचा. आधी तारीख ठरवा. शहर फक्त व्हॅनमध्ये चढण्यापुरतं. ओक्लाहोमाहून निघालेली मंडळी तिसऱ्या दिवशी नेब्रास्कात असू शकतात.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट हवा आणि पश्चिमेकडची कोरडी हवा टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्ससमध्ये एकमेकींना भिडतात. त्या सीमेला ड्राय लाइन म्हणतात. दुपारी चार-पाचच्या सुमारास तिच्यावर ढग चढू लागतात आणि उंचावर वारे जोरदार असतील तर अख्खा ढगच गरगरू लागतो. हा सुपरसेल. आपला वळीवही उकाड्यानंतर असाच दुपारी चढतो, पण त्याला हे फिरणं क्वचितच लाभतं.

अमेरिकेत वर्षाला सरासरी १,२०० च्या आसपास टोर्नेडो होतात, त्यातले सर्वाधिक मे महिन्यात. टोर्नेडोच पाहायचा हट्ट असेल तर मे घ्या. मात्र वादळं तेव्हा वेगाने पळतात, टोर्नेडो बऱ्याचदा पावसाच्या पडद्याआड असतो आणि दुपदरी रस्त्यांवर पाठलाग करणाऱ्यांच्याच गाड्यांची रांग लागते. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ टोर्नेडो ४ किलोमीटरहून अधिक रुंद झाला आणि अचानक वळला. टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे मुरलेले संशोधक त्यात दगावले. म्हणून भाड्याची गाडी घेऊन एकट्याने जाऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. टूरवाल्याला पैसे द्यायचे ते वादळ शोधण्याइतकेच, निसटायचा रस्ता सतत हाताशी ठेवण्यासाठी.

जूनच्या पूर्वार्धात खेळ उत्तरेला सरकतो: पूर्व कोलोरॅडो, वायोमिंग, नेब्रास्का, साउथ डकोटा. उंच, जवळजवळ झाडंच नसलेलं माळरान. ढगाचा तळ वर असतो, वादळं सहसा संथ चालतात, आणि फिरणारा ढग पायथ्यापासून माथ्यापर्यंत डोळ्यांत मावतो. छायाचित्रकाराला आणखी काय हवं! डेन्व्हरच्या पूर्वेला लँडस्पाउट, म्हणजे सुपरसेलशिवाय जमिनीलगत जन्मणारे बारीक टोर्नेडोही दिसतात. धोका एकच: उच्च दाबाचा पट्टा येऊन बसला की दिवसच्या दिवस कोरडे जातात.

दोन्हीकडे रोज ५००-८०० किलोमीटर बसून प्रवास. पाठदुखी असेल तर नीट विचार करा. जेवण पुष्कळदा पेट्रोल पंपावरच्या दुकानात. शाकाहारी असाल तर भडंग, चिवडा, खाकरा सोबत असू द्या.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी जूनचा पहिला आठवडा धरून दहा दिवसांची टूर सुचवेन. महाराष्ट्रातल्या शिक्षकांनाही शाळा उघडण्याआधी परतता येतं. सहा दिवसांची टूर स्वस्त पडते, पण दोन कोरडे दिवस आले की उरतं काय?

टोर्नेडो दाखवण्याची हमी देणारी कंपनी यादीतून काढून टाका. बाकीच्यांना विचारा: एका व्हॅनमध्ये किती जण, आणि वादळ वस्तीवर गेलं तर तुम्ही काय करता? २० मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या मूर शहरात टोर्नेडोने २४ माणसं दगावली. ‘पाठलाग थांबवून मदतीला उतरतो,’ असं उत्तर आलं, तर तिथे पैसे भरा.