रोबोटिक्सचं पहिलं किट: लेगो स्पाइक, मायक्रोबिट की आर्डुइनो?

किट निवडताना आपण किंमत आणि डब्यावरचा वयोगट बघतो. त्याआधी एक गोष्ट बघावी: या किटवर काम करताना मूल कुठे अडेल? रोबोटिक्सचा खरा फायदा बिघाड शोधण्यात आहे. तिन्ही किटमधले बिघाड वेगळ्या जातीचे असल्यामुळे मूल तिन्हींमधून वेगवेगळं शिकतं.

लेगो स्पाइक प्राइम: वायरिंगची चिंता नाही

यातल्या हबला, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या मुख्य डब्याला, सहा पोर्ट असतात. मोटर किंवा सेन्सरचा प्लग एकाच बाजूने बसतो, त्यामुळे उलटी जोडणी होऊन काही जळण्याचा प्रश्नच येत नाही. साहजिकच मुलाचं सगळं लक्ष यंत्ररचना आणि गणिताकडे जातं. १२ दात्यांच्या गिअरने ३६ दात्यांचा गिअर फिरवला की वेग एक तृतीयांश होतो आणि जोर जवळजवळ तिप्पट, हे चढावर अडकणारी गाडी हातात असताना चांगलं कळतं. संचातल्या छोट्या चाकाचा व्यास ५६ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात गाडी सुमारे १७.५ सेमी जाते. मग ५० सेमीसाठी किती फेरे? २.८६. परिघाचं सूत्र वहीत पाठ असलेलं मूलही इथे आधी अंदाजपंचे आकडे टाकतं आणि गाडी तीनदा भिंतीवर आपटल्यावर भागाकार करतं.

अडचण किमतीची. खर्च दहा-दहा हजारांच्या पटीत जातो, हब बिघडला तर घरी दुरुस्त होत नाही आणि वीज कशी वाहते हे यातून अजिबात समजत नाही. स्वस्तात मिळतो म्हणून लेगोचाच जुना माइंडस्टॉर्म्स रोबोट संच घेऊ नका. ती मालिका २०२२ च्या अखेरीस बंद झाली, आता सुटे भाग शोधत बसावं लागेल. शाळेचा संघ फर्स्ट लेगो लीगसारख्या स्पर्धेत उतरणार असेल किंवा चार मुलं मिळून एक संच वापरणार असतील, तर हा खर्च पटतो. एकट्या मुलासाठी घरी सहसा पटत नाही.

मायक्रोबिट: पहिला महिना वायरीशिवाय

बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांना हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड मोफत वाटला होता. २०२० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत बोर्डावरच २५ एलईडी, दोन बटणं, हालचाल ओळखणारा सेन्सर, होकायंत्र, मायक्रोफोन आणि स्पीकर आहेत. त्यामुळे पावलं मोजणारं यंत्र बनवायला फक्त यूएसबी केबल आणि बॅटरीचा डबा पुरतो. प्रोग्राम मेककोडमध्ये ठोकळे जोडून लिहिता येतो, पुढे पायथॉनमध्येही. बोर्ड साधारण दीड-दोन हजारांना मिळतो.

कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजायला दोन खिळे पुरतात, पण ते थेट बोर्डाच्या कडेवरच्या ३ व्होल्टच्या जोडणीला कायम जोडून ठेवले तर सततच्या विद्युतप्रवाहाने काही दिवसांत कुरतडले जातात. म्हणून एका पिनमधून (प्रोग्रामने चालू-बंद करता येणाऱ्या जोडणीतून) फक्त मोजण्यापुरती वीज सोडायची, वाचन घ्यायचं आणि पिन बंद करायची. विद्युत अपघटनाचा धडा पुढे शाळेत येतो तेव्हा अशा मुलाला वेगळं सांगावं लागत नाही.

रोबोट गाडीकडे वळलात की मर्यादा दिसतात. बोर्ड ३.३ व्होल्टचा आहे. मोटर थेट जोडता येत नाही, मोटरला पुरेसा प्रवाह देणारा ड्रायव्हर बोर्ड लागतोच. साधा एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर ५ व्होल्ट मागतो आणि परतही ५ व्होल्ट पाठवतो, ते मायक्रोबिटच्या पिनला झेपत नाहीत. ३.३ व्होल्टवर चालणारा सेन्सर मागून घ्या.

आर्डुइनो उनो: चुका भरपूर, शिकणंही भरपूर

उनो हाही प्रोग्राम करता येणारा बोर्डच, पण इथे काहीच आयतं नसतं. रेषेवरून चालणाऱ्या गाडीला लागणारं सामान: उनो, दोन बीओ मोटर (गिअर असलेल्या छोट्या मोटर), चाकं, पुढचं कॅस्टर (सगळीकडे वळणारं छोटं चाक), एल२९८एन मोटर ड्रायव्हर, रेषा ओळखणारे दोन आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर, जंपर वायर. क्लोन बोर्ड (दुसऱ्या कंपनीने बनवलेली उनोची नक्कल) घेतला तर सगळं मिळून दीड हजाराच्या आसपास बसतं.

पहिला बिघाड बहुतेक वेळा बॅटरीचा असतो. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरला पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही. मोटर सुरू होताच व्होल्टेज कोसळतं, उनो रीसेट होतो आणि गाडी जागच्या जागी झटके खाते. एल२९८एन स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, म्हणून चार पेन्सिल सेलही कमी पडतात. दोन १८६५० सेलचे ७.४ व्होल्ट पुरतात, पण हे लिथियम सेल शॉर्ट झाले तर आग लागू शकते. संरक्षण सर्किट असलेलेच घ्या, चार्जिंग मोठ्यांच्या देखरेखीखाली करा. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी टीबी६६१२ ड्रायव्हर आणि चार पेन्सिल सेल बरे, कारण हा ड्रायव्हर फारच कमी व्होल्टेज खातो.

पुढचे बिघाडही ठरलेले. ड्रायव्हर आणि उनो यांची ग्राउंड (ऋण बाजूची वायर) एकमेकांना जोडलेली नसते. एक मोटर उलटी फिरते (तिच्या दोन वायरींची अदलाबदल करा). सेन्सर जमिनीपासून साधारण १ सेमीपेक्षा उंच बसतो किंवा खिडकीतलं ऊन पडलं की गोंधळतो. बोर्ड संगणकाला दिसतच नसेल तर क्लोनसाठी संगणकात लागणारं सीएच३४० ड्रायव्हर हे सॉफ्टवेअर टाकलंय का ते बघा, आणि केबल फक्त चार्जिंगची तर नाही ना तेही. प्रोग्राममध्ये मोठा ‘डिले’ (थांबण्याची आज्ञा) असेल तर तेवढा वेळ गाडी आंधळी असते आणि वळणावर रेषा सोडते.

मग कोणी काय घ्यावं?

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आधी स्क्रॅच द्या; पडद्यावर ठोकळे जोडून प्रोग्राम लिहायचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. दहा ते बाराला मायक्रोबिट. सातवी-आठवीच्या पुढे, स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायची आवड असेल तर थेट आर्डुइनो. खात्री नसेल तर टिंकरकॅड या वेबसाइटवर उनो आणि मायक्रोबिट दोन्ही पडद्यावर मोफत चालवून बघता येतात. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर सहावीपासूनच्या मुलांसाठीचं बरंच सामान तिथे असतं, आधी तिथे विचारा.

क्लास लावणार असाल तर फी विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा: किट घरी नेता येतं का, आणि मुलं प्रोग्राम स्वतः लिहितात की तयार फाइल बोर्डात भरतात? तयार फाइल भरत असतील तर वरचं कोणतंही किट असलं तरी मूल फक्त जोडाजोड शिकेल.