लिथियम ३०० आणि एसआर ४००: मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही गोळी कशी वागते

आधी निकाल सांगून टाकतो. बायपोलर आजारात (यात माणूस कधी उन्मादात, कधी नैराश्यात जातो) मूड स्थिर ठेवणाऱ्या गोळ्यांमध्ये लिथियम कार्बोनेटची जागा आजही वरचीच आहे. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावर लिथियमचा गुण दाखवून दिला. त्यानंतर कितीतरी नवी औषधं आली, पण उन्माद आणि नैराश्य दोन्ही आवरणं, शिवाय आत्महत्येचा धोका कमी करणं, याबाबत लिथियमच्या पाठीशी जेवढा पुरावा आहे तेवढा दुसऱ्या मूड स्टॅबिलायझरच्या नाही. गोळी महागही नाही. मात्र तिला तीन गोष्टी नियमित लागतात: पाणी, मीठ आणि रक्ताची तपासणी. आपल्याकडे गोळी मिळते. एप्रिल-मे महिन्यात या तीन गोष्टी सांभाळणं जड जातं.

याचं कारण मूत्रपिंडात आहे. लिथियम लिव्हरमध्ये विरघळून संपत नाही, ते जवळपास सगळं लघवीवाटेच बाहेर पडतं. मूत्रपिंड त्याला सोडियमसारखंच वागवतं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू लागतं आणि त्याच्यासोबत लिथियमही अडवतं. म्हणून जानेवारीत ज्या डोसवर रक्तातली लिथियमची पातळी ०.७ (लिटरमागे मिलिमोल) येते, त्याच डोसवर मे महिन्यात जुलाबाचे दोन दिवस गेले की ती धोक्याच्या बाजूला सरकू शकते. नेहमीच्या उपचारात पातळी साधारण ०.६ ते ०.८ ठेवतात, काहींना १.० पर्यंत लागते. १.५ च्या वर विषबाधेची भीती, २ च्या वर जिवाचा प्रश्न. औषध आणि विष यांच्यात एवढंच अंतर आहे, आणि ही गोळी घेणाऱ्याच्या घरात प्रत्येकाला ते माहीत हवं.

पाण्याचा हिशेब नीट समजून घ्यावा. लिथियममुळे मुळातच तहान आणि लघवी वाढते. मग एसटीचा प्रवास, शेतात आडोसा नाही, लग्नाच्या मांडवात सोय नाही, म्हणून माणसं पाणी पिणंच कमी करतात. बायकांमध्ये हे फार दिसतं आणि नेमकं तेच घातक आहे. दिवसभर थोडं थोडं पाणी प्यावं. उन्हात काम असेल तर मीठ घातलेलं ताक चांगलं. तहान भागवायला थंड पेयांच्या बाटल्या नकोत, वजन वाढण्याचं ते एक मोठं कारण आहे. लघवीसाठी रात्रीतून सारखं उठावं लागत असेल तर सगळा डोस रात्री एकदाच घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. त्याने काहींचा त्रास कमी होतो.

मिठाचं प्रमाण मात्र वर्षभर सारखं हवं. बीपीसाठी कुणी ‘मीठ बंद करा’ म्हटलं आणि अळणी जेवण सुरू झालं की लिथियम वाढतं. मीठ एकदम वाढवलं तर ते घटतं आणि आजार डोकं वर काढतो. चहा-कॉफीचंही असंच आहे: खूप चहा पिणाऱ्याने तो एकाएकी सोडला तर पातळी वर जाऊ शकते. साबुदाणा, भगर आणि भरपूर पाणी असा साधा उपवास बहुतेकांना झेपतो, फक्त फराळात मीठ असू द्या. हरतालिका किंवा निर्जळी एकादशीचा पाण्याविना उपवास टाळावा. रमजानचे रोजे धरायचे असतील तर महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून डोसची वेळ आणि तपासणी ठरवून घ्यावी.

सर्वात जास्त घोटाळा अंगदुखीच्या गोळीने होतो. ऊसतोडीने कंबर गेलेली असते, तुळजापूरला पायी जाऊन पाय सुजलेले असतात, मेडिकलवरून दोन गोळ्या आणल्या जातात. त्यात बहुधा डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन असतं. ही तिन्ही लिथियमला मूत्रपिंडात अडवतात. पाकिटावर पॅरासिटामॉल लिहिलेलं दिसतं म्हणून माणूस निर्धास्त राहतो. स्ट्रिप उलटी करून वाचली तर सोबतचं दुसरं नाव सापडतं. नुसतं पॅरासिटामॉल चालतं. बीपीच्या गोळ्यांमध्ये टेल्मीसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या लिथियम वाढवतात. नावाच्या शेवटी ‘एच’ असेल तर बहुतेक वेळा त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेलं असतं, ते आणखी वाढवतं. बीपीची गोळी स्वतःहून बंद करायची नाही. बीपीच्या डॉक्टरांना ‘लिथियम चालू आहे’ एवढं पहिल्याच भेटीत सांगायचं.

आता ३०० आणि एसआर ४०० यांतला फरक. साधी ३०० ची गोळी लवकर विरघळते, त्यामुळे घेतल्यावर तासा-दोन तासांत मळमळ आणि हाताला कंप जास्त जाणवतो. एसआर म्हणजे सस्टेन्ड रिलीज, ती हळूहळू सुटते, हा त्रास कमी होतो, पण पोट पातळ होण्याची तक्रार तिच्यात अधिक. एसआर चावू नये, कुटू नये. कुटली की सगळं औषध एकदम सुटतं. खरी चूक दुकानात होते: एसआर शिल्लक नाही म्हणून साधी दिली जाते, किंवा ३०० ऐवजी ४०० हातात पडते. ३०० च्या तीन गोळ्या म्हणजे ९०० मिलिग्रॅम. त्याजागी ४०० च्या तीन घेतल्या तर १२०० होतात. एका कंपनीची गोळी सुरू आहे तर तीच ठेवा. बदलावी लागली तर डॉक्टरांना कळवून पातळी पुन्हा तपासा. एखादा डोस राहिला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका.

तपासणीचे नियम सोपे आहेत, तरी लॅबमध्ये ते चुकतात. रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं: ९ ला गोळी, तर सकाळी ९ ला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. हिरव्या झाकणाच्या काही नळ्यांत लिथियम हेपरिन असतं. त्यात रक्त घेतलं तर अहवालात पातळी खोटीच वाढलेली येते, म्हणून ‘लिथियमची टेस्ट आहे, साधी नळी वापरा’ असं आधीच सांगावं. डोस बदलल्यावर ५ ते ७ दिवसांनी, पहिल्या वर्षी दर ३ महिन्यांनी, पुढे सगळं स्थिर असेल तर ६ महिन्यांनी. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), टीएसएच (थायरॉइडची) आणि कॅल्शियम दर ६ महिन्यांनी सोबत करावं, कारण थायरॉइड मंदावणं हा लिथियमचा नेहमीचा दुष्परिणाम आहे आणि गोळीने तो आवरता येतो. आमचा आग्रह आहे की एक तपासणी मार्चअखेरीस, ऊन तापायच्या आत झालीच पाहिजे.

विषबाधा ओळखणं आपल्याकडे अवघड जातं, कारण ती ‘ऊन लागलं’ यासारखीच दिसते. हात जोरात थरथरतात, जीभ जड होते, चालताना तोल जातो, उलट्या-जुलाब होतात, माणूस बरळतो. लोकांना वाटतं, पिऊन आलाय. अशा वेळी पुढची गोळी द्यायची नाही, थेट दवाखाना गाठायचा आणि अपघात विभागात पहिलं वाक्य लिथियमचं सांगायचं. नुसते उलट्या-जुलाब सुरू झाले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. फोन लागला नाही तर डोस न घेता तपासून या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अंदाजपंचे नाही. बरं वाटतंय म्हणून गोळी एकदम सोडणं हेही तितकंच वाईट, आजार जोराने उलटतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर ती निदान चार आठवड्यांत, शक्यतो तीन महिन्यांत उतरवतात.

मूल व्हायचं वय असलेल्या बाईसाठी व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या मूड स्टॅबिलायझरपेक्षा लिथियमचा विचार आधी व्हावा. व्हॅल्प्रोएटने बाळात व्यंग येण्याचा धोका बराच मोठा आहे. लिथियमचाही थोडा आहे, म्हणून दिवस जाण्याआधीच बोलणं व्हायला हवं. ज्यांचं मूत्रपिंड आधीच कमजोर आहे किंवा जिथे तपासणी होणंच शक्य नाही, त्यांना ही गोळी आम्ही सुचवणार नाही.

मिळण्याबाबत: प्रादेशिक मनोरुग्णालयं म्हटलं की पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी आठवतात, पण लिथियमसाठी तेवढ्या लांब जायची गरज नाही. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं इथे मानसोपचार ओपीडी आहे. लिथियम ३०० राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम १८ यादीतली मानसिक आजाराची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळावीत असं सांगतं. रात्री-अपरात्री अडलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

ऊसतोडीला निघणाऱ्या घरांनी दसऱ्याआधीच पातळी तपासून घ्यावी. डॉक्टरांकडून हंगामाची चिठ्ठी लिहून घ्यावी, तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि कारखान्याच्या गावाजवळचं सरकारी रुग्णालय कोणतं ते विचारून ठेवावं. महिन्याच्यावर गोळ्या एकदम नेल्या तर त्या रुग्णाकडे न ठेवता जोडीदाराने स्वतःच्या पेटीत ठेवाव्यात, कारण जास्त गोळ्या एकदम घेतल्या तर त्या जीवघेण्या ठरतात. कोपीच्या तापलेल्या पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत स्ट्रिप ठेवू नये.