पावसाळी बंदी की माशाचे किमान आकारमान?

समुद्रातला मासा जाळ्यात येईपर्यंत कोणाच्याच मालकीचा नसतो. त्यामुळे आज एकाने संयम पाळला तर उद्या तोच मासा दुसऱ्याच्या होडीत जातो, आणि म्हणूनच येथे सरकारला हस्तक्षेप करावा लागतो. महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. त्यातल्या दोन उपायांची तुलना करण्याजोगी आहे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते. अनेक जातींचा प्रजननकाळ त्यात सापडतो, आणि खवळलेल्या दर्यात मच्छीमारांचे जीवही धोक्यात जात नाहीत. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारून ठेवण्याची कोळ्यांची रीत जुनीच असल्याने हा नियम परका वाटत नाही, शिवाय बंदरात उभी नौका सहज मोजता येते. मात्र बंदी उठताच ट्रॉलर, म्हणजे जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक नौका, तुटून पडल्या, तर वाढीला लागलेली पिल्लेच आधी जाळ्यात जातात.

ही उणीव दुसरा उपाय भरून काढतो. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकारमान ठरवले, म्हणजे त्याहून लहान मासा पकडायचा नाही. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. परंतु भरतीओहोटीच्या प्रवाहात लावलेल्या डोल या पिशवीसारख्या जाळ्याच्या शेपटात तळहाताएवढी पापलेटे चेंगरून बहुधा मरूनच वर येतात, त्यामुळे धक्क्यावर पट्टी लावून ती परत जिवंत होत नाहीत. म्हणून जाळ्याच्या आसाच्या, म्हणजे छिद्राच्या, आकारावर कडक तपासणी असेल तरच दुसरा उपाय मला अधिक मोलाचा वाटतो; तोवर बंदीचा एकही दिवस कमी करू नये.