सुला वायनरीतलं जेवण की मळ्यातली मिसळ? गंगापूर-सावरगावला जाताय तर वाचा

नाशिकला वाईन टूरला येणारे बरेच जण गंगापूर धरणाच्या बाजूला सुलाला जातात आणि तिथेच जेवून परत फिरतात, मला ते खरंच वाईट वाटतं.

वायनरीतल्या रेस्टॉरंटचा प्लस पॉइंट म्हणजे व्ह्यू. समोर द्राक्षबाग, संध्याकाळचं ऊन, हातात थंडगार शेनिन ब्लांक (पांढरी वाईन) आणि पिझ्झा, ग्रुपला मस्तच. पण रेट मुंबईचे, आणि शनिवार-रविवारी, त्यातही जानेवारी ते मार्च हार्वेस्टच्या दिवसांत, टेबलासाठी थांबायची तयारी ठेवा. ड्राय डेला वाईन नाही, म्हणून तारीख आधी बघून निघा.

आणि मिसळ... गंगापूर रोड, मखमलाबादकडे मळ्यांमध्ये चुलीवरच्या मिसळीची ठिकाणं आहेत, त्यातल्या ‘साधना’ मिसळीचं नाव तर सगळ्यांना माहीत आहे. मटकी, वर शेव, कांदा, लिंबू, सोबत पापड, दही, पाव, आणि काळ्या मसाल्याचा रस्सा वेगळा येतो, तो आधी नुसता चमच्याने चाखा, धुराचा वास आणि भाजलेल्या खोबऱ्याची चव लगेच कळते, मग बेताने ओता कारण तिखट हळूहळू चढतं. आई-बाबा, लहान मुलं सोबत असतील तर मी डोळे झाकून इथेच नेईन.

मात्र मिसळ सकाळीच, दहाच्या आत पोचलात तर उत्तम. वाईन दुपारनंतर, आणि गाडी न पिणाऱ्याच्याच हातात द्या प्लीज.